‘चिमणीची शेपटी धरा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न विचारणारे पुण्यातल्या एका बागेत रोज सकाळी चोवीस प्रकारांची ताई ची ही चिनी लढाईची कला शिकताहेत. शिक्षक नावं इंग्रजीतून सांगतात: ‘चिमणीची शेपटी धरा’, ‘एकेरी चाबूक’, ‘माकडाला मागे हटवा’. मधूनमधून ‘सुंग, सुंग’ असं बजावतात. विचारणा अशी की या नावांना लढाईचा काही अर्थ आहे की ती नुसती कविता? ताई चीतली ‘ची’ म्हणजे अंगातली ऊर्जा का? ‘सुंग’ म्हणजे काय? आणि शिक्षकांना सिफू म्हणायचं की सेन्सेई?

‘ची’चं आधी उरकून घेऊ. ताई चीतली ‘ची’ ही ऊर्जा नाही. ऊर्जेचा शब्द वेगळा, त्याचं चिनी अक्षर वेगळं आणि उच्चारही वेगळा. घोळ घातला तो रोमन लिपीने. चिनी भाषेत च आणि छ, त आणि थ, प आणि फ हे आपल्यासारखेच वेगळे धरतात. एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या इंग्रजी लेखनपद्धतीत महाप्राणासाठी अक्षरापुढे स्वल्पविरामासारखी एक खूण वर देत. छपाईत ती गळाली आणि दोन शब्द दिसायला एक झाले. देवनागरीत लिहिलं की भांडणच मिटतं: ऊर्जा ती ‘छी’, आणि ताई चीतली ती ‘ची’. अख्खं नाव काटेकोर लिहायचं तर ‘थाय ची छ्वेन’. (मराठी वर्गासमोर ‘छी’ हा शब्द गंभीर चेहऱ्याने उच्चारणं अवघड जातं, हे मान्य.) पुढे मात्र मी क्लासमध्ये रुळलेले उच्चारच वापरतो, नाहीतर माझं लिखाण आणि तुमच्या शिक्षकांचं बोलणं यांचा मेळ बसायचा नाही.

त्या ‘ची’ अक्षराचा जुना अर्थ आहे घराचं आढं. अक्षराच्या डाव्या अंगाला ‘लाकूड’ ही खूण अजून शाबूत आहे. आढ्यावरून छपराची दोन पाखी दोन बाजूंना उतरतात. ‘थाय’ म्हणजे परम. तेव्हा थाय ची म्हणजे ते सर्वांत वरचं आढं, जिथून यिन आणि यांग ही विरुद्ध तत्त्वांची जोडी वेगळी होते. ‘छ्वेन’ म्हणजे मूठ, आणि त्यावरून रिकाम्या हाताने लढायची पद्धत. नावात ऊर्जा कुठेच नाही, मूठ मात्र आहे, आणि ती नेमकी आपल्याकडच्या जाहिरातींत गाळली जाते.

आता मुख्य विषय, नावं. आपल्या तालमीत धोबीपछाड म्हटलं की पैलवानाला डाव आठवतो, धोबी आठवत नाही. चिनी नावांचं काम तेच. बहुतेक गुरू तोंडी शिकवत आणि पुष्कळांची अक्षरओळख बेताची होती. शंभरावर हालचालींची माळ शिष्याच्या डोक्यात बसवायची तर प्रत्येक मण्याला नाव हवं. म्हणून नावात तत्त्वज्ञान शोधण्याआधी हात कुठे आहे, पाय कुठे आहे हे बघावं.

काही नावं सरळ सूचना असतात, पण इंग्रजीत आल्यावर ती सुंदर होतात आणि निरुपयोगी ठरतात. ‘लोउ शी आओ बू’ घ्या. क्लासमध्ये हे ‘गुडघा झाडून वळलेलं पाऊल’ अशा काहीतरी रूपात येतं. ‘लोउ’ म्हणजे हाताने कवळून बाजूला सारणं. ‘शी’ म्हणजे गुडघा. ‘आओ बू’ हा अस्सल परिभाषेतला शब्द आहे: पुढे पाय डावा असेल तर पुढे हात उजवा. त्याच बाजूचा हात-पाय पुढे असेल तर त्याला ‘शुन बू’ म्हणतात. म्हणजे अख्खी कृती नावातच आहे: गुडघ्याकडे आलेली लाथ किंवा ठोसा एका हाताने बाजूला सार, त्याच बाजूचा पाय टाक आणि दुसऱ्या हाताने मार. यात वळलेलं काहीच नाही. शेवटाकडे येणारं ‘बान लान चुइ’ही असंच तीन क्रियापदांचं आहे: हलव, अडव, ठोस. तिसऱ्या शब्दापर्यंत पोचताना ज्यांची मूठ कंबरेपासून निघत नाही, त्यांनी पहिले दोन शब्द नुसते हवेत काढलेले असतात.

दुसरी नावं चित्रांची. पांढरा क्रौंच पंख दाखवतो, रानघोडा आयाळ विस्कटतो, सोन्याचा कोंबडा एका पायावर उभा राहतो. इथे चित्र कामाचं आहे, कारण ते हालचालीचा बाज सांगतं. रानघोड्याच्या प्रकारात एक हात वर-बाहेर आणि दुसरा खाली-मागे जातो आणि दोन्ही कमरेच्या एकाच वळणातून निघतात. आयाळ मधोमध भांग पाडल्यासारखी दुभंगते, तसे. ‘श्र त्स शोउ’ म्हणजे क्रॉस केलेले हात. चिनीत दहाचा आकडा अधिकच्या खुणेसारखा लिहितात, म्हणून ‘दहाच्या अक्षराचे हात’. आत काही गूढ नाही.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. ही नावं कानोकानी जाताना बदललेली आहेत, आणि तुमची चिमणी इथेच येते.

मिंग काळात छी चीग्वांग नावाचा एक सेनापती होऊन गेला. किनाऱ्यावर धुमाकूळ घालणाऱ्या चाच्यांशी तो लढला. 1560 च्या सुमारास त्याने सैन्याच्या प्रशिक्षणावर ग्रंथ लिहिला आणि त्यात रिकाम्या हाताचे 32 पवित्रे चित्रांसह दिले. गंमत म्हणजे हे प्रकरण देताना तो स्वतःच म्हणतो की मोठ्या लढाईत मुठींचा फारसा उपयोग नाही, पण नवख्याचे हात-पाय मोकळे व्हायला ही चांगली सुरुवात आहे. त्या 32 मधला पहिलाच पवित्रा ‘लान झा यी’, म्हणजे आळसटून अंगरखा खोचणं. लांब झग्याचा घोळ पायात येऊ नये म्हणून लढण्याआधी तो कमरेला खोचायचा, आणि तेही घाई न करता, समोरच्याला फारसं न मोजता. आपल्याकडे भांडायला उभी राहणारी बाई पदर खोचते त्यातली ऐट आणि या नावातली ऐट एकच. हनान प्रांतातल्या चेन गावात, जिथून आजच्या सगळ्या प्रमुख ताई ची शैली निघाल्या, तो प्रकार याच नावाने राहिला. त्या गावात शिकलेला यांग लूछान (1799 ते 1872) ती कला बीजिंगला घेऊन गेला, आणि यांग घराण्याच्या यादीत त्याच जागी नाव दिसतं ‘लान छ्वे वेइ’, चिमणीची शेपटी धरणं. ‘लान झा यी’ आणि ‘लान छ्वे वेइ’ भरभर म्हणून बघा. चिमणी बहुधा ऐकण्यातून आली, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे आणि मलाही ते पटतं. नंतर तिच्यावर कथा रचल्या गेल्या, की चिमणीला उडायला तळहाताचा आधारच मिळू देत नाहीत वगैरे. कथा छान आहेत, सरावात उपयोगीही पडतात, पण त्या नावामागून आलेल्या आहेत.

एकदा हे लक्षात आलं की बाकीच्या जोड्याही दिसू लागतात. यांगांचा पांढरा क्रौंच, ‘बाय ह’, चेन गावात ‘बाय अ’ म्हणजे पांढरा हंस आहे. ‘ढगांचे हात’ म्हणजे ‘युन शोउ’. पण ‘युन’चा सूर बदलला की त्याचा अर्थ ‘फिरवणं, वाहून नेणं’ होतो आणि जुन्या चेन लेखनात तसंच मिळतं. ‘माकडाला मागे हटवा’ हे ‘दाओ न्यान होउ’, तर चेन नाव ‘दाओ ज्वान गोंग’, उलट गुंडाळत नेलेला बाहू. दुसरं नाव हालचालीचं तंतोतंत वर्णन करतं. आणि तुम्ही शिकताय तो चोवीसचा क्रम चीनच्या क्रीडा आयोगाने 1956 मध्ये यांग शैलीवरून बांधला, त्याच्या अधिकृत यादीत सहाव्या जागी हेच ‘दाओ ज्वान गोंग’ आहे. माकड त्या यादीत नाहीच. ते इंग्रजीतून परत आपल्या बागेत आलं.

एकेरी चाबकाबद्दल मात्र मी हात राखून बोलतो. ‘दान ब्येन’मधला ब्येन घोड्याचा चाबूकही असतो आणि लोखंडी दांडक्यासारखं एक जुनं हत्यारही. दोन्ही बाहू लांब पसरलेल्या त्या पवित्र्याला दोन्ही अर्थ जुळतात. मी शिकवताना चाबूकच सांगतो, कारण त्याने खांद्यापासून बोटांपर्यंत लाट जाते हे पटकन कळतं. मागच्या हाताची बोटं एकत्र करून केलेली आकडी शोभेची नाही. समोरच्याचं मनगट पकडून ओढणं किंवा आपल्याच मनगटाच्या पाठीने हनुवटीवर मारणं, हे तिचे दोन नेहमीचे वापर.

तर चिमणीच्या शेपटीत प्रत्यक्ष करायचं काय? नाव बाजूला ठेवा, आतले चार शब्द धरा: पेंग, लू, जी, आन. अख्ख्या ताई चीचा गाभा हाच आहे. चोवीसच्या क्रमात हा प्रकार आधी डावीकडे आणि मग उजवीकडे येतो. मी उजवा सांगतो. जोडीदाराला समोर उभं करा.

उजवा पाय पुढे, गुडघा वाकलेला. उजवा बाहू छातीसमोर आडवा, तळवा आपल्याकडे, कोपर मनगटापेक्षा खाली. जोडीदाराला तुमच्या बाहूवर दोन्ही हातांनी हळूहळू जोर टाकायला सांगा. बाहू छातीला चिकटला तर पेंग नाही. खांदा वर उचलून ताठ धरलात तरी पेंग नाही, त्याने फक्त तुम्ही अख्खे मागे ढकलले जाल. बाहूचा गोलावा टिकून जोर पाठीतून मागच्या टाचेत उतरला, की ते पेंग. चौघांत हा एकच शब्द असा आहे की रोजच्या चिनी बोलण्यात तो सापडत नाही. बाकीचे तीन चिनी माणसाच्या घरात रोज वापरले जातात आणि त्यांचे इंग्रजी अनुवाद फार दिशाभूल करतात.

‘लू’चं इंग्रजी रूप ‘मागे गुंडाळणं’. चिनी आजोबा दाढीवरून हात फिरवतात त्याला हेच क्रियापद आहे: धरून नव्हे, स्पर्श ठेवून लांबीच्या दिशेने सरकणं. जोडीदार ढकलतोय, तुमचा डावा हात त्याच्या मनगटावर, उजवा बाहू त्याच्या कोपराच्या जरा वर. वजन मागच्या पायावर घ्या आणि कंबर डावीकडे वळवा. हातांनी ओढू नका. त्याचाच जोर त्याला तुमच्या डाव्या कुशीपलीकडे घेऊन जातो. नवखे इथे हमखास ओढतात आणि जोडीदार त्यांच्यावर येऊन आदळतो.

तो तोल सावरायला मागे गेला की ‘जी’. बस खचाखच भरलेली असताना आत शिरण्यासाठी चिनीत हाच शब्द आहे. डावा तळवा उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि उजव्या बाहूच्या पाठीने त्याने मोकळी केलेली जागा भरून काढायची. त्यानंतर ‘आन’. दाराची बेल दाबतात तो आन. त्याचा अनुवाद ‘ढकलणं’ केल्यामुळे लोक सरळ पुढे ढकलतात. आन आधी खाली जातो: मागे बसत समोरच्याचे हात किंचित दाबून टाकायचे, त्याच्या टाचा हलक्या झाल्या की मग पुढे-वर. खाली दाबल्याशिवाय माणूस उपटला जात नाही.

उरलेले चार, त्साय, ल्ये, झोउ, काओ, यांच्याकडे घाईने जाऊ नका. त्साय म्हणजे खुडणं, मनगट धरून खाली दिलेला छोटा झटका. ल्ये म्हणजे दोन विरुद्ध दिशांना फाडणं. झोउ म्हणजे कोपर. काओ म्हणजे रेलणं, म्हणजे खांद्याने किंवा पाठीने दिलेली धडक. हे आठ आणि पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, मध्य या पाच दिशा मिळून ‘तेरा पवित्रे’. जुनी माणसं ताई चीला याही नावाने ओळखतात.

पवित्रा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दांडपट्टा खेळणाऱ्याला तो अंगात भिनलेला असतो आणि चिनी ‘बू’ची छटा त्यात चांगली येते. गोंग बू म्हणजे धनुष्याचा पवित्रा: पुढचा पाय धनुष्यासारखा वाकलेला, मागचा बाणासारखा ताणलेला. मा बू म्हणजे घोड्याचा, खरं तर घोडेस्वाराचा. मांड ठोकून बसल्यावर पाय जसे राहतात तसे. इथे एक व्यावहारिक सूचना. गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेतच हवा, आत पडू द्यायचा नाही. आणि वळताना आधी वजन दुसऱ्या पायावर घेऊन मगच पाऊल फिरवायचं. भरल्या पायावर वळणाऱ्यांचे गुडघे दुखायला लागतात आणि दोष ताई चीला जातो.

आता ‘सुंग’. शिक्षक ते सारखं बजावतात हे तुमचं नशीब. या अक्षराच्या जुन्या रूपात वरच्या भागात केसांची खूण आहे. मूळ अर्थ बांधलेले केस सुटणं. मराठीत याला नेमका शब्द आहे: मोकळं. आपण केस मोकळे सोडतो, ढिले सोडत नाही. ‘रिलॅक्स’ ऐकून लोक खांदे पाडतात, पाठ ढेपाळते, नजर विझते. सुंगमध्ये हाडं उभीच असतात, फक्त त्यांना अडकून बसलेले स्नायू मोकळे होतात. परीक्षा सोपी आहे. बाहू समोर उचला आणि कुणाला तरी मनगटाखाली हात धरून बाहूचं वजन तोलायला सांगा. त्याने हात काढून घेतला आणि तुमचा बाहू हवेत तसाच राहिला, तर खांद्याने तो धरून ठेवला होता. तो पडला, तर सुंगची सुरुवात झाली.

सुंग आला की ‘जिन’ आणि ‘ली’ यांतला फरक कळू लागतो. ली म्हणजे आपण जन्मापासून वापरतो ते बळ, ज्या स्नायूला काम पडलं तोच राबतो. जिन म्हणजे घडवलेलं बळ: टाचेतून निघून कमरेने वळवलेलं आणि बोटांशी पोचलेलं. ते एकदम सोडण्याला ‘फा जिन’ म्हणतात, आणि बाण सोडण्यासाठीही हेच ‘फा’ आहे. जोडीने केलेल्या सरावात, म्हणजे तुइशोउमध्ये, एक जुनी ओळ ऐकू येते: चार ल्यांगने हजार जिन हलवावेत. हा जिन वेगळा, वजनाचा. जुन्या मापाने चार ल्यांग सुमारे दीडशे ग्रॅम आणि हजार जिन सुमारे सहाशे किलो. ओळीतलं क्रियापद ‘हरवणं’ किंवा ‘उचलणं’ नाही, ‘बाजूला वळवणं’ आहे. चालत्या बैलाला कासऱ्याने वळवता येतं, उभा बैल दीडशे ग्रॅमने हलणार नाही. तेव्हा समोरच्याने जोर टाकलेला असणं ही त्या ओळीची अट आहे, आणि ती विसरली की चमत्काराची भाषा सुरू होते.

तशीच गत छीची. हा चिनीत अगदी घरगुती शब्द आहे. हवामानात छी, रागावण्यात छी, हवेत छी. जुन्या अक्षरात खाली तांदूळ आणि वर वाफ. ‘छी दानत्येनमध्ये उतरव’ ही सूचना बेंबीखाली तीन-चार बोटांवरच्या जागेबद्दल आहे. दान म्हणजे हिंगूळ, त्येन म्हणजे शेत, आणि शब्द ताओपंथी किमयेतून आलेला. सरावात याचा अर्थ इतकाच घ्या: श्वास छातीत न अडकता पोटात खोल जाऊ दे आणि तोलाचं केंद्र खाली राहू दे. त्यापलीकडे ज्यांना अनुभव येतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण स्पर्श न करता शिष्य उडवणारे व्हिडिओ कुणी दाखवले तर ते उडणारे नेहमी शिष्यच का असतात, हे जरूर विचारा. 2017 मध्ये छंगदू शहरात एका एमएमए (मिश्र युद्धकला) लढवय्याने ताई ची गुरू म्हणवणाऱ्याला काही सेकंदांत आडवं केलं, तेव्हा खुद्द चीनमध्ये यावर बरीच खळबळ झाली होती.

भारताचा विषय निघतोच, म्हणून थोडक्यात. चेन शैलीत ‘जिन गांग दाओ द्वेइ’ आहे: उजवी मूठ डाव्या तळव्यात पडते आणि उजवा पाय जमिनीवर आदळतो. दाओ द्वेइ म्हणजे उखळात कांडणं, आणि जिन गांग हा ‘वज्र’ या संस्कृत शब्दाचा बौद्ध ग्रंथांमधला चिनी अनुवाद. वज्रधारी द्वारपाल मुसळ मारतो, असं ते नाव. हा दुवा खरा आहे. बोधिधर्म या भारतीय बौद्ध भिक्षूने चीनमधल्या शाओलिन मठात कुंग फू शिकवलं ही कथा मात्र सतराव्या शतकातल्या एका व्यायामग्रंथाच्या आधी सापडत नाही. मठ 495 सालचा, पहिला मठाधिपतीही भारतीयच, बातुओ नावाचा. पण तो ध्यानासाठी गेला होता. आणि कुंग फू या शब्दाचा अर्थ मुळात वेळ आणि मेहनत घालून कमावलेलं कसब, मग ते स्वयंपाकातलं असो की सुलेखनातलं. लढाईच्या कलांना चिनीत वूशू म्हणतात. नाओरेम रोशिबिना देवीने 2023 च्या हांगचौ एशियाडमध्ये 60 किलो गटात रौप्य मिळवलं ते वूशूच्या ‘सांदा’ प्रकारात, म्हणजे मोकळ्या मारामारीत.

राहिलं सिफू की सेन्सेई. सेन्सेई जपानी, तो कराटेच्या वर्गात ठीक. सिफू हा कँटोनीज, म्हणजे दक्षिण चीनमधल्या बोलीतला उच्चार, विंग चुन ही तिकडची युद्धकला शिकणाऱ्यांच्या तोंडी असतो, मँडरिन या प्रमाण चिनीत शिफू. त्यातही दोन शब्द आहेत. एक ‘गुरू-पिता’, जो रीतसर शिष्य करून घेतल्यावरच वापरतात. चहा देऊन, वाकून नमस्कार करून होणारा तो विधी आपल्या गंडाबंधनाच्या जवळचा आहे. दुसरा ‘कसबी कारागीर’ अशा अर्थाचा, जो टॅक्सीवाल्यालाही आदराने लावतात. बागेतल्या वर्गाला साधं ‘लाओशर’, म्हणजे शिक्षक, पुरतं. तुमचे शिक्षक मराठी असतील तर ‘सर’ म्हणा, त्यांनाही बरं वाटेल.